दुरूनच नमस्कार

तीर्थरूप रूपेशदादास,

दामिनीचा दुरूनच नमस्कार. (दुरूनच का, ते पुढे येईल.) तू फोन उचलत नाहीस, त्यावरून हात कामात आहेत आणि तब्येत बरी आहे असं धरून चालते. आईचे गुडघे होते तसेच. बाबा रिटायर होऊन चार महिने झाले, तरी फर्स्ट शिफ्टच्या वेळेला उठून डबा मागतात.

कुरुदच्या राहुलने, तुझ्या शाळेतल्या दोस्ताने, सांगितलं की तू रोज संध्याकाळी एका ऑनलाइन खेळात सापडतोस. तलवारी, जादूगार, उडते साप, सगळं फुकट. मी लगेच डाउनलोड केला. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून अटी व नियम शेवटपर्यंत वाचले. (आईला वाटलं परीक्षा आहे, तिने चहा आणून ठेवला.) मारण्यापेक्षा सेवा बरी, म्हणून मी वैद्यीण झाले.

त्या खेळातल्या गावाच्या चौकात पांढऱ्या दाढीचे एक आजोबा काठी धरून उभे होते. वडीलधारं माणूस दिसलं की आधी वाकायचं, ही आपल्या घरची रीत. वाकायचं बटण शोधून दाबलं. आजोबांनी मला तिथेच जाळून टाकलं. मला वाटलं नमस्कार नीट झाला नसेल, म्हणून पुन्हा जन्म घेऊन (तोही फुकट आहे) पुन्हा वाकले. असं पाच वेळा. बाबा मागे उभे होते. म्हणाले, "पोरगी नमस्कार करून राहिली, अन् हा बुढा मारते कावून?" शेवटी कोणीतरी हिंदीत लिहून कळवलं, की इथे कुणासमोर वाकणं म्हणजे त्याला लढायला बोलावणं. अटींमध्ये हे कुठेच नव्हतं.

मग तुझा शोध. राहुलने तुझं तिथलं नाव सांगितलं, 'भट्टी सात'. ते नाव बाबांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. चौतीस वर्षं ते त्याच नंबरच्या भट्टीवर लोखंड वितळवत होते. हथखोजच्या त्याच कारखान्यात कामाला लागणार नाही म्हणून त्यांच्याशी भांडून तू हैदराबादला गेलास, तेव्हा म्हणाला होतास, माझ्यासमोर लोखंडाचं नाव काढू नका. (मी टोमणा मारत नाही. फक्त आठवलं.)

बुधवारी तू दिसलास, नदीच्या पुलावर, काळं चिलखत घालून. दोन वर्षांनी दिसलास, आणि मी सवयीने वाकले. एका घावात मला मारून तू पुढे गेलास. राग नाही. ती वैद्यीण कोण, हे तुला कसं कळणार? उलट बरंच वाटलं. तेवढ्यासाठी तरी तू थांबलास.

तुझी,
दामिनी

ता. क. आता माझा फोन संध्याकाळी बाबांकडेच असतो. ते लढत नाहीत, त्यांना चालवताही येत नाही. पुलावर नेऊन दे म्हणतात आणि तिथेच उभे राहतात. म्हटलं, बोलायचं बटण शिकवते. तर म्हणाले, "मले काई बोलाचं नाही. आला गेला तं दिसन." तेव्हा पुलावर हिरव्या लुगड्यातली वैद्यीण दिसली तर मारू नकोस. ते बाबा आहेत.

आणखी एक. त्यांना तिथे नमस्कारही करू नकोस, लढाई लागेल. पाया पडायचं असेल तर घरी ये.