कोरी नाही कोरली

वाशीम,
गुरुवार, ता. १४ ऑक्टोबर १९४३, दुपारचे पावणेतीन. जिनात रुईच्या गाठींवर नंबर टाकत होतो, ते काम अर्धे टाकून हे लिहितो.

तीर्थरूप मारोतरावमामांचे पायी भाचा पुंजाजीचा शि. सा. न. वि. वि.

मामा, माझ्या हातून चूक झाली आहे आणि ती सुधारायला तुम्ही जवळ नाही.

रविवारी शांतीलालशेठच्या लॉरीची बॅटरी आणून तुम्ही यंत्र लावले आणि मायचे भुलाबाईचे गाणे दोन काचेच्या तबकड्यांवर उतरवले. पहिली बिघडली, कारण माय गाणे मध्येच सोडून माझ्यावर ओरडली. दुसरी साधली. सोमवारी तुम्ही नांदेडला निघालात. निजामच्या हद्दीत करोडगिरीचे जकातवाले पेटी उघडून काचेला बोटे लावतील, म्हणून दोन्ही तबकड्या माझ्या हवाली केल्यात. मुंबईच्या तुमच्या कारखान्यात त्या पार्सलाने पाठवायच्या होत्या. बिघडलेलीवर ‘कोरी’ अशी चिठ्ठी लाव, म्हणजे तिथला उदयसिंग ती धुऊन कोरी करील. साधलेलीवर ‘कोरली’ लाव, म्हणजे तिला कोणी हात लावणार नाही, असे तुम्ही दोनदा बजावले होते.

मी ‘कोरी’ लिहिली. तिचा र वाकडा आला, म्हणून दुसरी नीट लिहिली. मग ‘कोरली’ लिहिली. वाकडी चिठ्ठी फाडायची राहिली. मंगळवारी पार्सलची वेळ टळत होती, तेव्हा घरीच उलट्या बाजूने खळ लावून मी दोन चिठ्ठ्या न वाचताच चिकटवल्या आणि तबकड्या रुईत गुंडाळून दिल्या. आज जेवायला घरी गेलो, तर मायच्या पानाच्या डब्याच्या बुडाला ‘कोरली’ चिकटलेली. म्हणजे दोन्ही तबकड्यांवर ‘कोरी’ गेली. दोन्ही धुतल्या जातील.

लगेच तारघरात गेलो. पत्ता धरून आठ शब्दांचे बारा आणे पडतात, पुढे शब्दाला जास्त. पत्त्यातच पाच शब्द गेले. उरलेल्या तिनांत मी नेमके बसवले: कोरी नाही कोरली. तारबाबू गोपीचंद यांनी ते इंग्रजी अक्षरांत लिहिले, मी एकेक अक्षर तपासले. चूक नाही.

मायला काही बोललो नाही. पुढच्या गुरुवारी तिला नागपूरला न्यायचे आहे. डॉक्टर म्हणाले, गाठ काढताना घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. मग गाणे सोडाच, हाकही नाही. कोरी तबकडी आता एकही शिल्लक नाही हे तुम्हीच सांगितले होते.

तार पुरेशी आहे ना, एवढे कळवा. रागावलात तरी चालेल, पण उत्तराला उशीर करू नका.

तुमचा बालक,
पुंजाजी


नांदेड,
रविवार, ता. १७ ऑक्टोबर

चि. पुंजाजीस मारोतरावाचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आत्ता मिळाले.

तू चौथी पास झालास तेव्हा मास्तर तुझ्या बापाला म्हणाले होते, पोरगा उपाशी राहील पण ऱ्हस्वदीर्घ चुकवणार नाही. वाकडा र तसाच राहू दिला असतास तर काय आभाळ कोसळणार होते?

तू पत्रात तबकडीला लाख म्हटले नाहीस हे बरे केलेस. आक्काला मात्र सांगून थकलो की ही बांगड्यांची लाख नव्हे. बाजारात मिळते त्या रेकॉर्डीत लाख असते. आपली मूळ तबकडी रोगणाची. कापूस तेजाबात मुरवतात, त्याचा पाक होतो, तो लवचीक राहावा म्हणून त्यात एरंडेल घालतात. म्हणजे तुझ्या जिनातला कापूस आणि तुमच्या शेताच्या धुऱ्यावरची एरंडी, एवढ्यावर गाणे बसते. मी या धंद्यात आलो तेव्हा मेणाच्या जाड चकत्या होत्या. थंडीत त्या शेकाव्या लागत आणि उन्हाळ्यात बर्फाजवळ ठेवाव्या लागत. मग ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रोगण आले. आता पत्रा सगळा विमानांना जातो, म्हणून काच. काचही मिळेना, म्हणून धुऊन धुऊन तीच वापरतो. त्या मूळ तबकडीवरून कलकत्त्याला धातूचा ठसा काढतात आणि ठशावरून हव्या तितक्या रेकॉर्डी निघतात. ठसा निघण्याआधी मूळ गेली, तर मागे काही राहत नाही. म्हणूनच ती चिठ्ठी.

आता तुझी तार. पुंजाजी, ती मोठ्याने वाच. ‘कोरी नाही’ म्हणून थांब, मग ‘कोरली’ म्हण. ठीक आहे. आता ‘कोरी’ म्हणून थांब आणि पुढे ‘नाही कोरली’ म्हण. तारेत स्वल्पविराम जात नाही, बाबा. एकही अक्षर न चुकता तू उलटा निरोप धाडलास की काय, हे वाचणाऱ्याच्या श्वासावर आहे.

आज इथले तारघर बंद. उद्या उघडताच मी तार करतो: धुऊ नका. पार्सल पोचायच्या आत ती जावी. आक्काला सांगू नकोस. धीर धर, असे लिहिणार होतो, पण मलाच धरवत नाही.

आठवण राहू दे,
मामा


वाशीम,
बुधवार, ता. २० ऑक्टोबर, सकाळचे सात. मायची लुगडी ट्रंकेत भरत होतो.

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र काल संध्याकाळी आले. तेव्हापासून ते तीन शब्द दोन्ही प्रकारे म्हणून पाहतो आहे. गोपीचंदबाबूंना तार वाचायला दिली, त्यांनी कुठेच न थांबता वाचली. मीही दुसरी तार केली आहे, तुमच्यासारखीच. पार्सल पोचले किंवा नाही, हे स्टेशनावर कोणी सांगत नाही.

माय रोज विचारते, गाणं पोचलं का रे मुंबईले. मी म्हणतो, तार गेली आहे. हे खोटे नाही, पण खरेही नाही. काल तिने माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, तोंड असं काहून केलं, कापाकापी माह्यी आहे का तुह्यी? मग आपणच हसली आणि खोकत बसली.

तिला रेकॉर्डीचे, बाजाराचे काही नाही. शेजारच्या चतुराबाईच्या तिन्ही पोरी इथे आल्या की भुलाबाईपुढे बसतात आणि दुसऱ्या कडव्याच्या पुढे कोणाला येत नाही. माय म्हणते, पुढच्या वर्षी मी नुसती टाळ्या वाजवीन, गाणं तबकडीतून येऊ द्या. एवढ्यासाठी ती दुखत्या घशाने दोनदा गायली.

एक विचारायचे आहे. तबकडी कोरताना काळा दोरा निघत होता. तुम्ही तो पाण्याच्या डब्यात टाकत होता. माय म्हणाली होती, ही तर गाण्याची गुंतवळ. विंचरलेले केस बाई कुठेही टाकत नाही. तिने दुसऱ्या तबकडीचा दोरा तुमच्या नकळत उचलला. आज तो भिंतीच्या कोनाड्यात सापडला, बोटभर गोळा, बाजूलाच रॉकेलची चिमणी. तुम्ही म्हणाला होतात की ठिणगी लागली तर भडका होतो, म्हणून मी तो पाण्यात घालून ठेवला आहे. या दोऱ्यात गाण्याचे काही असते का? मला उत्तर माहीत आहे, तरी लिहा.

उद्या पहाटेच्या गाडीने निघतो. नागपूरला चुलत्यांच्या पत्त्यावर पत्र घालावे.

लेकराला पदरात घ्या,
पुंजाजी


मुंबई,
शुक्रवार, ता. २९ ऑक्टोबर

चि. पुंजाजीस आशीर्वाद. आक्काचे काम नीट पार पडले हे तुझे पत्र मिळाले. देवाची कृपा.

आता ऐक. मी परवा पोचलो. पार्सल शनिवारी सोळा तारखेलाच आले होते. तुझी पहिली तार आधी आलेली. मॅनेजरसाहेबांनी ती एका दमात वाचून उदयसिंगला ऐकवली, आणि उदयसिंगने ऐकले: कोरी, नाही कोरली. चिठ्ठ्याही तशाच. त्याने दोन्ही धुवायला घेतल्या. आपल्या दोन्ही तारा आल्या तेव्हा काम होऊन गेले होते.

उदयसिंगला एक खोड आहे, त्यापायी मी त्याच्यावर कैकदा ओरडलो आहे. धुण्याआधी तो प्रत्येक तबकडी बाभळीच्या काट्याने एकदा वाजवतो. म्हणतो, कोणाचं गाणं मारून राह्यलो ते तरी कळावं. पहिली लावली ती साधलेली होती. त्याने शेवटपर्यंत ऐकली, बाईचा गळा चांगला आहे म्हणाला, आणि धुतली. पुंजाजी, ती गेली. ती काच मी हातात घेऊन पाहिली. माझा चेहरा दिसला, बाकी काही नाही.

मग त्याने बिघडलेली लावली. निम्मे गाणे झाले आणि आक्का ओरडली. तुला आठवत असेल काय ओरडली ते. उदयसिंग शेलूबाजारचा, तुमच्या वाशीमकडचाच. इथे त्याच्याशी कोणी तसे वऱ्हाडी बोलत नाही. आम्हीही इथे राहून पुस्तकासारखे बोलायला लागलो. त्याने काटा उचलला, तबकडी आपल्या धोतरात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. मॅनेजरला सांगितले, फुटली. मला सांगताना त्याची मान खाली होती, कारण मी चोरी म्हणेन असे त्याला वाटत होते.

याचा ठसा कोणी काढणार नाही. अर्धे गाणे आणि अर्धी बोलणी कोण विकत घेईल? म्हणून मूळच धाडतो. ओळखीचा माणूस अकोल्याला येतो आहे, त्याच्या हाती. लोखंडी सुई लावू नका, बाभळीचा काटाच लावा, आणि रोज लावू नका. रोगण मऊ असते, प्रत्येक वेळी थोडे झिजते.

दोऱ्यात गाणे नसते. गाण्याला जागा करून द्यायला जे निघून जावे लागते, ते त्यात असते. पुरून टाक.

आक्काला तू सांग. मला धीर नाही.

मामा


वाशीम,
रविवार, ता. ५ डिसेंबर, सायंकाळचे सहा. आत्ताच फोनो बंद करून झाकण लावले.

ती. मामांस भाचा पुंजाजीचा शि. सा. न. वि. वि.

मायला घेऊन मंगळवारी घरी आलो. जखम भरली आहे, पेज आणि दूध घेते. बोलायचे असले की चुटकी वाजवते, आणि आम्हाला कळले नाही की कपाळावर हात मारते. तेवढे मात्र स्पष्ट कळते.

नागपूरलाच तिला सगळे सांगितले होते. चिठ्ठ्या, तार, श्वास, सगळे. ती ऐकत राहिली, मग भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस तिने मला चुटकी वाजवली नाही.

आज शांतीलालशेठकडून फोनो आणला. चतुराबाई पोरी घेऊन आली. काटा मी स्वतः सोलून लावला. गाणे सुरू झाले. पहिले कडवे, दुसरे कडवे, आणि पोरींना जे येत नाही ते तिसरे सुरू झाले. ते अर्धे आले. मग मायचा आवाज चढला, अगदी या खोलीत उभी राहून ओरडावी तसा: पुंज्या, दार लाव, बकरी सरकीत शिरून राह्यली, तुले दिसत नाही का?

मामा, मी उठलो आणि दार लावले.

कडी घालून मागे वळलो तेव्हा कळले. पोरी लोळत होत्या. चतुराबाई डोळ्यांना पदर लावून हसत होती. माय माझ्याकडे बघत होती, तिचे खांदे हलत होते आणि आवाज कुठेच नव्हता. मग तिने चुटकी वाजवली आणि तबकडीकडे बोट दाखवले. रोज लावू नका म्हणून तुम्ही बजावले आहे, पण मी अजून एकदा लावली. दुसऱ्या वेळी पोरींनी ते अर्धे कडवे सोबत म्हटले, आणि बकरीसुद्धा.

उरलेले अर्धे आता मायलाच ठाऊक. ती ओठ हलवते, चतुराबाई ओठांकडे बघून शब्द धरते. दोन शब्द आज मिळाले.

उदयसिंगभाऊंना माझा नमस्कार सांगा. इकडे आले की आमच्याच घरी उतरायचे. हिशेब तुम्ही विचारला नाहीत, तरी देतो:

पार्सल, एक रुपया दोन आणे. दोन तारा, दीड रुपया. नागपूरचे जाणेयेणे आणि औषध, एकोणसाठ रुपये.
देणे: शांतीलालशेठांस बॅटरी भरण्याचे, दोन रुपये. उदयसिंगभाऊंस एक धोतर.
मायला चिठ्ठीतला एक ल. तो फिटत नाही.

तुमचा,
पुंजाजी