गालिच्याखालची घडी

अण्णा, आज सकाळी हॉलमधला गालिचा काढला. त्याला खालून कसर लागली होती, कामाच्या मावशी दोन महिने नाक मुरडत होत्या, म्हणून शेवटी मीच कंबर कसली आणि सोफा सरकवून गालिच्याची गुंडाळी केली. खाली तुमची वायर होती. स्पीकर केव्हाच भंगारात गेले, ती मात्र अजून तशीच, वीत-वीत अंतरावर चिकटपट्टी, कुठे म्हणून वाकडी नाही. बाल्कनीच्या कोपऱ्यात ती जिथे दुमडली आहे तिथे पांढऱ्या कापडी पट्टीवर तुमच्या अक्षरात चार ओळी आहेत. 'येथे घडी आहे. डावी-उजवी बदलते. टीव्हीच्या टोकाला उलट जोडले आहे ते बरोबर आहे. बदलू नये.' वाचून मी फरशीवरच बसले. मघापासून तीनदा उठले, कुकर लावला, कपडे वाळत घातले, परत येऊन बसले. मला एकच गोष्ट कळायला हवी आहे आणि ती सांगायला तुम्ही नाही. तुम्हाला किती माहीत होतं?

दोन हजार तीन किंवा चार साल असेल. तुम्ही वीजकेंद्रातून रिटायर झाला होतात, कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं होतं, आई त्याआधीच गेलेली. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटवर तुम्हाला येऊन वर्ष होत आलं होतं. तुमचे जावई मोठ्या हौसेने स्पीकर घेऊन आले. एक टीव्हीशेजारी, दुसरा बाल्कनीच्या दारापाशी, आणि त्या दुसऱ्यापर्यंत वायर न्यायची ती कुणालाही न दिसता, गालिच्याखालून, असं मी ठरवलं. त्यासाठी मेनरोडच्या दुकानातून चपटी वायर आणली. जन्मभर मनगटाएवढ्या केबली जोडलेल्या माणसाच्या हातात मी ती दिली. तुम्ही ती बोटांत धरून उजेडाकडे नेलीत आणि म्हणालात, "ही वायर हे का वेणीची रिबिन?"

मी हसले नाही. मला घाई होती, रविवारी पाहुणे येणार होते. तुम्ही म्हणालात, "बाई, भिंतीला पट्टी मारू अन् तिच्यातून नेऊ. लय साफ दिसंल. वायर दिसली पाहिजे. दिसत नाय, तिच्यावर माणूस बिनधास्त पाय देतो." भिंतीला नुकताच रंग दिला होता. मी म्हटलं, "अण्णा, हे तुमचं वीजकेंद्र नाही. माझं घर आहे." 'माझं' या शब्दावर जोर दिला होता, तो मला अजून ऐकू येतो. तुम्ही मान हलवलीत आणि चष्मा पुसायला घेतलात.

मग शनिवारचा अख्खा दिवस तुम्ही गुडघ्यांवर. आधी फरशी झाडली, मग कोरड्या फडक्याने पुसली, कारण वाळूचा एक कण राहिला तरी वर पाय पडून पडून वायर कापते. कोपऱ्यावर आल्यावर थांबलात. मोठी केबल कधी दुमडायची नसते, तिला ऐसपैस वळण द्यायचं असतं. पण ही चपटी, घडी घातल्याशिवाय वळेचना. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "दुमडू?" जणू मी तुमची साहेब. मी स्वयंपाकघरातूनच हात हलवला. गालिचा पसरल्यावर तुम्ही अनवाणी त्यावरून दोनदा चाललात, मलाही चालायला लावलंत. "लागतं का पायाला?" काहीच लागत नव्हतं. काम इतकं सुबक होतं की मला तेव्हाही अभिमान वाटला होता. बोलून मात्र दाखवला नाही.

चूक त्या घडीत होती. तुमच्या केबलींना लाल, पिवळी, निळी अशी रंगांची ओळख असायची. ह्या वायरीच्या दोन्ही तारा पांढऱ्या. तुम्ही डावी कुठली, उजवी कुठली एवढं धरून चाललात, आणि घडी पडली की डावी उजवीकडे जाते. अशी अदलाबदल झाली तर स्पीकर बंद पडत नाही. आवाज येतो, पण पोकळ. गाणं चालू असतं आणि गाणारा कुठे आहे ते कळत नाही. कान असलेल्या कुणालाही ते लगेच समजतं.

रविवारी संध्याकाळी ह्यांच्या ऑफिसातली दोन जोडपी आली. पावभाजी होती. सिनेमा लावला, आणि तुम्ही वेताच्या खुर्चीत बसून सिनेमा सोडून एकेकाचा चेहरा बघत होतात. एक जण म्हणाला, "आवाज जरा पोकळ वाटतोय, नाही?" तुम्ही जोरात मान डोलावलीत. "तर! लय भारी हे." ते चौघं एकमेकांकडे बघून हसले. वाईट माणसं नव्हती ती, पण हसली. मी हातात पाव घेऊन उभी होते. तुमच्या अगदी समोर आले आणि मोठ्याने म्हटलं, "अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही का?" तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात. मग उठून म्हणालात, "पाणी आणतो सगळ्यांना," आणि आत गेलात. पाणी टेबलावरच होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही भाजी आणायला गेल्यावर मी टीव्हीमागे वाकून दोन तारा उलट लावल्या. दोन मिनिटांचं काम. आवाज सुधारला. तुम्ही परत आल्यावर म्हटलं, "अण्णा, आता छान येतोय, आपोआप बसला." तुम्ही पिशवीतून कोथिंबीर काढत म्हणालात, "बसतो हळूहळू." म्हणजे तुम्ही नंतर कधीतरी एकटे असताना टीव्हीमागे पाहिलंत, गालिचा उचललात, घडी तपासलीत, माझी चोरी पकडलीत, आणि कामावरच्या शिस्तीप्रमाणे पुढच्या माणसासाठी चिठ्ठी लावून गालिचा पुन्हा अंथरलात. रागाचा एक शब्द नाही. 'ते बरोबर आहे,' असं लिहिलंत. मला शाबासकी दिल्यासारखं. त्यानंतर जेमतेम दोन वर्षं तुम्ही होतात, आणि छातीत कळ येऊन गेलात त्या सकाळपर्यंत आपण ह्यावर काही बोललो नाही.

तुमचे जावई आत्ता येऊन विचारून गेले, एवढं काय लिहिते आहेस. सामानाची यादी, म्हटलं. हा कागदही मी फाडणारच आहे. ते आजवर म्हणतात, तू तेव्हा चिडून बोलून गेलीस, तुला कुठे ठाऊक होतं त्यांना कमी ऐकू येतं म्हणून. मीही इतकी वर्षं मान डोलावत आले.

मला ठाऊक होतं, अण्णा. तुम्ही आमच्याकडे आलात त्याच महिन्यात कळलं होतं. दुपारी तुम्ही बाल्कनीत पाठमोरे बसून मेथी निवडत होतात. मी मागून तीनदा हाक मारली, "अण्णा, चहा." मग ताटली आपटली. तुम्ही हलला नाहीत. तेव्हा हाका मारायच्या सोडून मी तिथेच उभी राहिले, आणि नेहमीच्या आवाजात, अगदी सावकाश म्हटलं, "मला तुमचा कंटाळा आलाय." तुम्ही मेथीची पानं खुडत राहिलात. मला काय हलकं वाटलं म्हणून सांगू! पुढेही बरेचदा मी तसं मागे उभी राहून बोलले. कानाच्या डॉक्टरकडे तुम्हाला नेलं नाही ते वेळ नव्हता म्हणून नाही. ऐकू आलं असतं म्हणून.