कृपया मला नापास करावे

प्रति,
माननीय डीन मॅडम,
विद्यार्थी विभाग,
अल्मेंद्रा कम्युनिटी कॉलेज, कॅलिफोर्निया.

विषय : 'बालनिरीक्षण' या विषयातील माझा 'ए' काढून घेऊन 'डी' देण्याबाबत.
संदर्भ : प्रवेश खिडकीवरील श्री. त्रान यांचा तोंडी सल्ला.

महोदया,

मी, खाली सही करणारी होविता सामुदियो, पीच डबाबंद करण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले असून आपल्याकडे बालविकास व कुटुंब अभ्यास शिकत आहे. बालनिरीक्षणात मला 'ए' मिळाला. तोच विषय पुन्हा घेण्यास मी खिडकीवर गेले असता श्री. त्रान म्हणाले, "आजी, पास झालेल्याला परत बसता येत नाही. नापास होऊन या, मग बघू." सबब हा अर्ज. माझी मुलगी नायेली म्हणते, "आई, लोक पास व्हायला ग्वादालूपेच्या मातेपुढे मेणबत्त्या लावतात, आणि तू नापास व्हायला अर्ज करतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?" ते आहे, याची नोंद घ्यावी.

मी 'ए'ला पात्र नाही, याचे पुरावे देते. आम्ही काचेआड बसून कॉलेजच्या बालकक्षातली मुले पाहतो; त्यांना आम्ही दिसत नाही. फक्त डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेच लिहायचे, असा नियम आहे. मी लिहिले, "मूल लाडावलेले आहे." प्रा. हॅलोरन यांनी ते खोडले. पुढे मी लिहू लागले, "मुलाने चमचा फेकला. उचलून दिला. पुन्हा फेकला." बाईंना आनंद झाला. परंतु मनात मी लाडावलेलेच म्हणत होते. शिवाय एका मुलाचे नाक वाहत असता मी काचेवर टकटक केली. बाई म्हणाल्या, "होविता, तुम्ही इथे नाहीच असं समजा." पाच पोरे वाढवलेल्या बाईला हे कसे जमावे?

आता खरे कारण. माझी नात इत्सेल याच बालकक्षात येते. तिचे आजोबा गेल्यापासून ती घरात एक अक्षर बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. इथल्या शिक्षिका म्हणायच्या, "अहो, इथे तर तिची टकळी चालू असते!" माझा विश्वास बसला नाही. मग एका सकाळी निरीक्षणासाठी तीच माझ्या वाट्याला आली. मी नियमानुसार लिहिले :

"मुलीने बाहुलीला जेवू घातले. म्हणाली, 'बीन्स सांडू नकोस, मी काय तुझी मोलकरीण आहे?' (आवाज हुबेहूब माझा.) मग बाहुलीला पांघरूण घातले. म्हणाली, 'आजोबा कुठे गेले, ते आजीला विचारायचं नाही. ती रडते. गप्प बसायचं.'"

मत एकही लिहिले नाही. याच कागदाला 'ए' मिळाला.

त्या दिवसापासून मी घरी रडत नाही, गराजमध्ये जाऊन रडते. तरी पोरगी बोलत नाही. माझे आणखी काय चुकते आहे, ते ती बाहुलीला सांगत असणार, आणि मला ते ऐकायचे आहे. काचेआडची खुर्ची फक्त त्या विषयाच्या विद्यार्थ्यांना मिळते. तरी 'ए' परत घ्यावा आणि खुर्ची द्यावी. मी तिथे नाहीच, असे समजून बसेन.

आपली आज्ञाधारक, परंतु नापास होण्यास उत्सुक,
होविता सामुदियो
१२ डिसेंबर

सोबत : 'ए' मिळालेला तो कागद. वाचून परत द्यावा. शेरा मारायचा झाल्यास पेन्सिलीने मारावा.