हिरव्या डब्याचं झाकण

बाबा, तुमची गाडी आली होती माझ्याकडं. तुमी वारल्यावर धाकट्या भावानं ती मुकुटबनले नेली, वावरात जायले वापरते. दसऱ्याच्या आधी इथं लोहारा गावात माझ्या गॅरेजसमोर आणून उभी केली अन् म्हणे, "ताई, चढावर ठोकून राह्यली बाप्पा. पाह्य बरं काय झालं तं." मी आधी बोनेटले हात नाही लावला. गाडी दारातच चालू ठेवली अन् ॲक्सिलेटर दाबत राह्यली. ठक ठक ठक. गॅरेजांच्या साऱ्या ओळीनं ऐकावं असं मनात होतं. खोटं कायले बोलू, लय बरं वाटलं. ज्या माणसानं चार लोकांत माझ्या हाताले नावं ठेवली, त्याच्याच गाडीले ठोका!

मग तुमचाच लांब पेचकस काढला, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर, मी बारावी झाली तेव्हा तुमी दिलता तो. टोक इंजिनले, मूठ कानाले. वरून आवाज आला तं व्हॉल्व्ह पाहाचे, खालून आला तं बेरिंग, हे तुमीच शिकवलं. आवाज खालून होता, जड. एकेका नोझलचा पाइप ढिला करत गेली, म्हंजे त्या पिस्टनचं डिझेल बंद. तिसरा ढिला केल्याबरोबर ठोका दबला. खालून तेलाचा चेंबर खोलला, तिसऱ्या पिस्टनच्या बेरिंगच्या वाट्या काढल्या, अन् वाटीमागं काय, तं डब्याचा पत्रा. बेरिंग झिजलं म्हणून नवं टाकायचं सोडून मागं पत्र्याचा तुकडा दाबून जागा भरलेली. डिझेलनं पुसला तं हिरवा रंग निघाला.

मी टेबलाकडं गेली. तो हिरवा मले माहीत होता. आईचा पापडाचा डबा, आता माझ्या टेबलावर नट ठेवायले असते. झाकणाले दोन चौकोनी खिडक्या कापलेल्या. आई करवादे, "माह्या डब्याचा सत्यानाश कोणं केला?" तुमी मान वर न करता म्हणत, "गॅरेजात लागला पत्रा." मी तो तुकडा झाकणावर ठेवून पाह्यला. एका खिडकीत बरोब्बर बसला. दुसऱ्या खिडकीतला पत्रा कुठं गेला, ते मले कोणी सांगायची गरज नव्हती.

तो गेलता पुसदच्या माणसाच्या जीपमध्ये, माझ्या लग्नाआधी. आपण दोघं मिळून इंजिन बांधून राह्यलो. मी म्हणते, "बाबा, हे बेरिंग ढिलं आहे, नवं आणा." तुमी म्हणता, "होऊन जाते. तू घरून जेवणाचा डबा घेऊन ये." मी येते तोवर चेंबर बंद. थोड्याच दिवसांत जीप ठोकत परत येते. गिऱ्हाईक उभं आहे, शेजारचे खरादवाले चाचा, लेथ मशीनवाले, उभे आहेत, अन् तुमी माझ्याकडं बोट करता, "पोरीले बोल्ट कसायले देल्ले न, थेच चुकलं. हिच्या हाताले बरकत नाही." त्या दसऱ्याले हत्यारांच्या पूजेत तुमी मले पान्याले शिवू दिलं नाही. उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. सासरी गॅसचं बटन बंद केलं तरी मी परत जाऊन पाहे. वाटे, खरंच आपल्या हातानंच राह्यलं असंल. पोरं मोठी झाल्यावर तुमच्याच ओळीत हे गॅरेज टाकलं, तरी एकेक बोल्ट पुन्हा पुन्हा कसत राह्यली. हे तुमाले माफ नाही, बाबा. मेल्यावरही नाही.

यंदाच्या दसऱ्याले धाकट्यानं तुमच्या फोटोले झेंडूचा हार आणला. सारी ओळ प्रसादाले आली होती. मी पूजेच्या ताटात, तुमच्या फोटोसमोर, तो हिरवा पत्रा ठेवला अन् सगळं सांगितलं, मोठ्यानं. धाकटा माझा हात धरून म्हणे, "ताई, मेलेल्या माणसाले काहून उघडं पाडून राह्यली?"

"जित्तेपणी त्यानं मले पाडलं, तेव्हा तू कुठी गेलता?"

खरादवाले चाचा आता थकले, काठी टेकत येतात. ते पत्रा हातात घेऊन म्हणाले, "मले तं तेव्हाच माहीत होतं, बेटा. पत्रा कापायची कैची माह्याकडूनच नेलती त्यानं."

"मग बोलले काहून नाही?"

"तुह्या बापाची इज्जत होती न."

अन् माझी? मी प्रसाद द्यायचा थांबवला. लोक उठून गेले. हार मी तुमच्या फोटोवरून काढला अन् पेचकसाले घातला. तुमाले लागलं असंल तं लागू द्या.

नवं बेरिंग टाकलं. गाडी आता चढावर हू का चू करत नाही. तुमाले लिहिलेलं हे पत्र कुठं टाकणार, त्याच हिरव्या डब्यात नटांखाली ठेवते. एक तेवढं सांगते. काल एका माणसाची गाडी खोलून पडली होती, बेरिंग बाजारात नव्हतं, घरी लग्न म्हणून तो सारखा मागं लागला, "ताई, काहीतरी जुगाड करा न." मी कैची अन् डब्याचं झाकण हाती घेतलं. मग ठेवून दिली अन् म्हटलं, बेरिंग नागपूरहून येईल, थांबा.

पण झाकणाले आता बोटभर चीर आहे. ती तुमची नाही.