निम्म्या घोड्यांचा वांधा

नाशिक, गंगापूर रोड
१२ जून २००४

तीर्थस्वरूप आक्कांना,

मोहिनीचा नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा जेवढा वाकला तेवढा गोड मानून घ्यावा. तुमचा खोकला गेला का? उन्हाळ कांदा चाळीत टिकलाय, की खालून पाणी सुटलं? इकडे आम्ही सगळे ठीक. (सगळे म्हणजे मी आणि हे. सुनील अमेरिकेत, आणि देवघरामागची पाल धरली तर तिघं.) चार वर्षांत तुमच्याकडून चिठ्ठी नाही, त्याबद्दल मी काही विचारत नाही. म्हसोबाच्या त्या जेवणाचा विषय तर या पत्रात अजिबात काढणार नाही. तुमच्या भावाने अमेरिकेतल्या एका धर्मात जो घोळ घालून ठेवलाय, तो फक्त तुमच्या कानावर घालायचा आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. तुमचा बसेल, कारण तुम्ही यांना कडेवर घेऊन वाढवलंय.

सुनील सॉल्ट लेक सिटी नावाच्या गावी आहे. गेल्या थंडीत त्याला कावीळ झाली आणि पोराने आम्हाला कळवलं कधी, तर बरा झाल्यावर! ज्यांच्या घरी तो भाड्याने राहतो त्या हॅरल्डबाबांनी त्याला गाडीतून दवाखान्यात नेलं-आणलं, आणि त्यांच्या म्हातारीने मऊ भात करायला शिकून घेतला. ही मंडळी मॉर्मन. म्हणजे येशूलाच मानणारी, पण बायबलच्या जोडीला त्यांचं आणखी एक पवित्र पुस्तक आहे. दारू-तंबाखू वर्ज्य, ते ठीक. पण चहासुद्धा वर्ज्य, कॉफीसुद्धा वर्ज्य! हे ऐकून यांनी हातातला कप खाली ठेवला. बिनचहाची माणसं इतकी चांगली कशी असू शकतात, हे कोडं यांना अजून सुटलेलं नाही.

तुमच्या पोराचे हाल कुणी परक्याने निस्तरले तर तुम्ही गप्प बसाल का? यांनी फोन लावला आणि बाबांना विचारलं की मी तुमच्यासाठी काय करू. (म्हणजे यांनी मराठीत विचारलं, मी इंग्रजीत. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं ते बहुधा याच फोनसाठी.) बाबा म्हणाले, काही नको. मग ओघात बोलून गेले की निवृत्त झाल्यापासून आपल्या धर्मावर इंटरनेटवर जे आक्षेप घेतात त्यांना ते उत्तरं लिहितात, आणि हल्ली फार एकटे पडलेत. झालं. खाल्ल्या मिठाला जागायला यांना तेवढंच पुरलं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "म्हणजे वांधा हे. मी बघतो."

वांधा म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगावं! यांनी उभी नोकरी लासलगावच्या कांदा बाजारात त्यातच घालवली. वरचा माल बघून लिलावात भाव लागतो, व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी केली की खालून सडका कांदा निघतो, व्यापारी ओरडतो, शेतकरी शपथा घेतो, आणि मग यांना बोलावणं येतं. हे जाणार, कांदा हातात घेऊन दाबणार, हुंगणार, दोघांना चहा पाजणार आणि निम्म्यावर मिटवणार. नेहमी निम्म्यावर. पुरता एकाच्या बाजूने यांनी एकही वांधा कधी सोडवला नाही. पुरतं खरं बोलणारा माणूस बाजाराच्या फाटकातून आत येतच नाही, असं यांचं मत.

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी दत्तूच्या सायबर कॅफेत. (हा दत्तू पूर्वी एसटीडी बूथ चालवायचा. आता त्याच जागेत प्लायवूडची खोकी केलीत आणि खोक्यांना पडदे लावलेत. ते पडदे कॉलेजच्या जोडप्यांसाठी असतात हे मला पहिल्या दिवशी कळलं, यांना अजून कळलेलं नाही. आम्ही दोघं पांढऱ्या केसांनी पडद्याआड शिरतो तेव्हा शेजारची खोकी चिडीचूप होतात.) हे मराठीत सांगतात, मी इंग्रजीत टाइप करते.

आधी सगळं वाचून काढलं. त्यांची श्रद्धा अशी की पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या पहिल्या गुरूला एका टेकडीत सोन्याचे पत्रे सापडले, आणि देवाच्या मदतीने त्याने त्यांवरचा मजकूर पुस्तकात आणला. पुस्तक निघालं त्या वर्षापासूनच आक्षेप सुरू. पूर्वी बरं होतं. टीका करणाऱ्याला चोपडं छापावं लागायचं, उत्तर देणाऱ्यालाही छापावं लागायचं, आणि तेवढ्या काळात दोघांची डोकी निवायची. पुढे त्यांच्यात मोठमोठे विद्वान झाले, जुन्या भाषा शिकले, एकेका आक्षेपाला जाड जाड उत्तरं लिहू लागले. मग नव्वदनंतर कॉम्प्युटर आला आणि दोन्हीकडची माणसं अंगणात आली. आता सकाळी आक्षेप, दुपारी उत्तर, संध्याकाळी एकमेकांची अक्कल काढणं. (आपल्या गल्लीतल्या नळावर याहून वेगळं काय चालायचं?)

यांनी हातात घेतला तो घोड्यांचा वांधा. पुस्तकात प्राचीन अमेरिकेतले घोडे आहेत. टीकाकार म्हणतात, त्या काळी तिथे घोडे नव्हतेच, ते पुढे स्पेनच्या लोकांनी नेले. श्रद्धावान म्हणतात, हाडं अजून सापडायची असतील, किंवा दुसऱ्याच एखाद्या जनावराला ते लोक घोडा म्हणत असतील. दोन्हीकडून ढीगभर पुरावे. यांनी आठवडाभर दोघांचा माल हुंगला आणि निवाडा सांगितला. मी हात जोडले, म्हटलं हे नका लिहू. पण ऐकतील तर ते खंडेराव कसले! मग लिहिलं: बाबांच्या पक्षाने निम्मे घोडे सोडून द्यावेत, समोरच्यांनी उरलेले निम्मे मान्य करावेत, आणि दोघांनी आमच्याकडून एकेक कप चहा घ्यावा.

आक्का, ज्या दोन बाजूंचं वर्षानुवर्षं एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं, त्यांचं त्या दिवशी झालं. दोघांनी मिळून यांना धुतलं. श्रद्धावान म्हणाले, हा टीकाकारांनी पेरलेला माणूस, देवाच्या पुस्तकाचा बाजार मांडतोय. टीकाकार म्हणाले, हा चर्चने भारतातून आणलेला भाडोत्री, नवीन चाल खेळतोय. आणि चहाचं आमंत्रण तर कुणालाच पटलं नाही. हे मात्र खुशीत. दोन्ही बाजू ओरडल्या म्हणजे निवाडा बरोबर, हा लासलगावचा नियम.

या सगळ्यात ब्रेंट नावाचा एक टीकाकार फार कडवा. पण नुसता खवचट नव्हे हो. एकदा त्याने लिहिलं होतं की लहानपणी आईच्या मांडीवर बसून जे शंभर टक्के खरं म्हणून ऐकलं, ते मोठेपणी पुस्तकं चाळताना एकेक करून हातातून निसटलं, तेव्हा मी महिनोन्‌महिने झोपलो नाही. मला वाचताना भरून आलं. बाबांच्या प्रत्येक उत्तरावर याचा घाव ठरलेला. आणि एका सकाळी, इजिप्तच्या जुन्या कागदांवरून (त्यांतूनही त्या गुरूने एक पवित्र ग्रंथ काढला होता) तुंबळ चाललेलं असताना, खाली त्याची एकच ओळ: "रक्तदाबाची गोळी घेतली का?" बाबांचं उत्तर: "घेतली." आणि पुन्हा इजिप्त सुरू.

मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यात. कोण कुणाचा ते अक्षराशिवायही कळतं मला. सुनीलला फोन लावला. तो म्हणाला, हो आई, ब्रेंट बाबांचा थोरला मुलगा. धर्म सोडला, त्यावरून घरात फार बोलाचाली झाली, आणि तेव्हापासून त्याने उंबऱ्यात पाय ठेवलेला नाही. फोन नाही, सणावाराला येणं नाही. फक्त हे लिहिणं. मग सुनील म्हणाला, "बाबांनी अप्पांना निरोप दिलाय. म्हणाले, तुझ्या वडिलांना सांग, फार उपकार झाले, पण घोड्यांचं मिटवू नका. मिटलं तर तो लिहायचा थांबेल."

निरोप यांना सांगितला. त्या दिवशी हे जेवताना भाकरी नुसती कुस्करत बसले. मग म्हणाले, "ते दोघं भांडतात तरी. आक्का तर भांडत बी नाही."

आता विषय यांनीच काढला म्हणून, नाहीतर मी काढणार नव्हते. शेतात आजोबांचा नांगर दगडाला लागला, दगडातून रक्त आलं, म्हणून तिथे म्हसोबा बसवला, हे आपण सगळे ऐकत आलो. आणि आखाडाच्या नैवेद्याला, भरल्या पंगतीत, शेजारचे बांधवाले बसलेले असताना, यांनी तोंड उघडलं की म्हसोबा कसला, आजोबांनी बांध सरकवायला ठेवलेला हद्दीचा दगड तो! बांधवाल्यांचे कान टवकारले, तुमच्या हातातली पळी तशीच राहिली. तुम्ही एवढंच म्हणालात, "दगड हद्दना शे ना? मंग तू हद्दना पल्याड ऱ्हाय." तेव्हापासून हे पल्याड आहेत. परक्याच्या घोड्यांची बाजू घ्यायला सातासमुद्रापार गेले, पण बहिणीचा एक दगड यांना सुखाने बसू देववला नाही. हे मी यांना ऐकवलं. यांनी डोळे पुसले आणि खोटं सांगितलं, कांद्यामुळे. (त्या दिवशी दुधीची भाजी होती.)

असो. तुमचा वेळ घेतला. प्रकृतीला जपा, खोकल्याला अडुळसा घ्या. लहानांना आशीर्वाद.

तुमची,
मोहिनी

ता. क. : आखाड आला. आम्हाला नैवेद्याला बोलवा असं मी म्हणत नाही, तो मान तुमचा. पण राग असेल तर निदान तो लिहून पाठवा. चांगल्या सणसणीत चार ओळी, अहिराणीत, आईबाप न काढता जेवढं बसेल तेवढं. आल्या की हे उत्तर लिहितील, मग तुम्ही लिहा. वर्षभर भांडा. हे रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी उभे असतात आणि विचारलं की झाडांना पाणी घालतोय म्हणतात. फाटकाशी एकही झाड नाही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायला डिंक शोधत होते, तेवढ्यात यांनी पत्र वाचलं. खालचं अक्षर यांचं, मी एक शब्दही सांगितलेला नाही.

आक्का, दगडाचा वांधा मी मागं घेतला. निम्मा नाही, सगळा. रक्त आलं होतं का, ते तेवढं बांधावर बसून बोलू. चहा तू कर.
— खंडू