वाकडा पेचकस

९ ऑक्टोबर

ती. वहिनींना नमस्कार.

पहिला कागद फाडून टाकला. सवयीने वर ‘ती. दादा आणि वहिनी’ असं लिहिलं गेलं होतं. हा दुसरा.

मी बरा आहे. खोकला गेला. तुमचा गुडघा कसा आहे ते काल फोनवर विचारायचं राहिलं. मशीनचं ऐकलं आणि पुढचं काही सुचलंच नाही.

दादा गेल्यावर शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान तुम्हीच चालवायचं ठरवलंत, तेव्हा शेजारचा हार्डवेअरवाला हसला होता. तुम्ही मला हत्यारांचे फोटो पाठवलेत. म्हणालात, "भावजी, तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलंय. कुठलं हत्यार कशाचं तेवढं लिहून द्या, बाकी मी बघते." मी बसल्या बैठकीला लिहून पाठवलं. वाकड्या पेचकसापुढे लिहिलं, ‘आतला स्क्रू सैल करायला’.

तुम्ही शिवणवाल्या मावशींचं मशीन साफ करायला घेतलंत, आतला स्क्रू दिसला, तो सैल केलात. सुईचा दांडा घसरला आणि आता टाकाच पडत नाही. मावशींकडे गणवेशांचा ढीग पडलाय. हार्डवेअरवाला पुन्हा विचारून गेला, "मग काय वहिनी, दुकान कधी देताय?" एवढं होऊन तुम्ही मला काही बोलला नाहीत. "माझंच चुकलं, मला मेलीला कुठं काय कळतंय," म्हणालात.

तुमचं चुकलेलं नाही. मी आता काय काम करतो ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, ते सांगतो, म्हणजे कळेल.

आमच्या कंपनीत ग्राहकांशी बोलायला एक एआय सहायक आहे. माणूस नाही, प्रोग्राम. त्याला कामं करता यावीत म्हणून टूल्स दिलेली असतात. एक ऑर्डर शोधायचं, एक पत्ता बदलायचं, अशी. प्रत्येक टूल कशासाठी आहे ते मी लिहितो. तो ते वाचतो आणि कुठलं वापरायचं ते ठरवतो. गेल्या महिन्यात एका बाईंनी सांगितलं, आम्ही गावाला जातोय, पार्सल आठवडाभर थांबवा. सहायकाने ऑर्डर रद्दच केली. वडिलांच्या कानाचं यंत्र होतं त्यात. ‘थांबवा’ आणि ‘रद्द करा’ या दोन्ही टूल्सपुढे मी जवळजवळ एकच ओळ लिहिली होती, ‘ऑर्डर पुढे जाऊ देत नाही’.

मी म्हटलं, "सहायकाला एवढं कळू नये?"

आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "तो हुशार आहे रे. पण तुझ्या डोक्यातलं त्याला कसं दिसणार? काय होतं ते लिहिलंस. कधी हात लावायचा नाही, मागे फिरता येतं का, शंका आली तर कोणाला विचारायचं, हे कुठंय?"

मी ते सगळं पुन्हा लिहिलं. प्रत्येक टूलवर दिवस दिवस घालवला. तुमच्या हत्यारांना मात्र एकेक ओळ. फोटोंकडे जास्त वेळ बघवत नव्हतं, हे खरं कारण. त्या पेचकसाच्या मुठीला दादाने गुंडाळलेली पट्टी आहे. ती दिसली की मी पुढच्या फोटोवर जायचो.

आता नीट लिहितो.

वाकडा पेचकस. सुईच्या दांड्याच्या स्क्रूपर्यंत हाच पोचतो, सरळ पोचत नाही. साफसफाईला किंवा तेल घालायला हा घ्यायचा नाही. सुई नवी घातली, नीट बसवली, तरी खालचा दोरा उचलला जात नसेल, तरच. त्याआधी दांडा जिथं आहे तिथं पेन्सिलने खूण करायची. दादा खूण केल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, आणि मी लावला की म्हणायचा, "धाकट्या, परत कुठं जायचं ते माहीत नसेल तर निघू नये." खूण करता येत नसेल तर थांबायचं आणि मला फोन करायचा. मी कामात असलो तरी.

मावशींच्या मशीनवर खूण नाही. ते पत्राने जमणार नाही, म्हणून रविवारी मी येतो. मावशींना सांगा, सोमवारी मशीन मिळेल. हार्डवेअरवाल्याला काही सांगू नका, त्याला शटर उघडं दिसू दे. बाकीची हत्यारं तिथंच एकेक हातात घेऊन लिहू. तुम्ही विचारायचं, मी सांगायचं. मला तुमच्याकडे यायला इतके महिने लागले, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. विचारलंत तरी चालेल.

शेवटच्या फोटोबद्दल तुम्ही दोनदा विचारलंत, "हे राहिलं की भावजी, याच्यापुढे काही लिहिलं नाही." टेबलाच्या कडेला दादाचा चष्मा आहे तो. मला दिसला होता. त्याच्यापुढे काय लिहावं ते मला येत नाही. मी येईपर्यंत तो तिथून हलवू नका.

गुडघ्याला शेक देत जा.

तुमच्या दोघांचा,
धाकटा