सतराव्या पानावरची रेघ

नामपूर,
९ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, फोनवर मला आता निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते. ते काही खरं नव्हे, म्हणून लिहून विचारते.

तुझं आणि हर्षलचं काय बिनसलं? त्याच्या वाढदिवसाला तू म्हणे दोन मिनिटं बोललीस आणि वेळ झाली म्हणून फोन ठेवलास. तो पिंपळगावला, तू इंदिरानगरला, सख्खी भावंडं, आणि दिवाळीनंतर एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. शेजारच्या लंकाबाईने तर गावभर केलं आहे, की भाऊबहीणमा वाटणीचं भांडण शे. मी तिला विचारलं, की वाटायला आहे काय, माझं शिलाई मशीन? तर म्हणे, मग त्याच्यावरूनच असेल.

तुमचे आईबाप हंगामात द्राक्षं भरायला पॅकहाउसला जायचे तेव्हा तुम्हा दोघांना मीच पाटीवर शिकवलं. शाळेने तुम्हाला नंतर पाहिलं. तेव्हा मला खरं कळायला हवं. संक्रांतीचे लाडू दोन वेगळ्या डब्यांतून पाठवते आहे, आणि तसं करताना हात जड झाला. तुझ्या मागच्या पत्रातल्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त करून सोबत जोडल्या आहेत.

दोघांचीही सारखीच,
चांगुणाआत्या


इंदिरानगर, नाशिक
१५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि लाडू पोचले. भांडण नाही गं. आम्हाला बोलायला मनाई आहे, आणि त्या मनाईवर मीच सही केली आहे.

पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये थंडी मोजणारी यंत्रं पाच कंपन्यांची आहेत, आणि एकीचं यंत्र दुसरीच्या आकडे दाखवणाऱ्या पडद्याशी बोलत नाही. तिथले एक मालक हिरामणअण्णा, त्यांच्याकडे तीन खोल्या, तीन कंपन्या, तीन पडदे. एका खोलीतलं यंत्र बदलायचं तर पडदाही त्याच कंपनीचा घ्यावा लागतो. शेवटी अण्णांनी बाकीच्या मालकांना जमवलं आणि कंपन्यांना बजावलं, की सगळे मिळून एक भाषा ठरवा, नाहीतर पुढच्या हंगामात कुणाचंच घेणार नाही. दोन वर्षं एकमेकांशी भांडून कंपन्यांनी एकेचाळीस पानांचा मसुदा केला आहे.

आता त्याची परीक्षा आहे. दोन कंपन्यांच्या माणसांनी फक्त ते कागद वाचायचे. एकाने यंत्र करायचं, दुसऱ्याने पडदा. एकमेकांना काही विचारायचं नाही. मग दोन्ही जोडायची. त्यांना एकमेकांचं कळलं तर कागद पुरेसा आहे असं मानायचं. आमच्या कंपनीचं यंत्र मी करते आहे, आणि समोरच्या कंपनीचा पडदा दादा करतो आहे.

वाढदिवसाला बोलण्यासाठी मी परीक्षा घेणाऱ्या समितीची लेखी परवानगी घेतली होती. सगळे हसले. आमचे साहेब, शेखर सर, म्हणाले, की अशी मुलगी असल्यावर कंपनीला कुलपं कशाला हवीत. मी दोनच मिनिटं बोलले आणि वेळ डायरीत लिहून ठेवली. दादा चिडला असणार. त्याला कळव, की चौदा फेब्रुवारीला परीक्षा झाली की मी बोलायची थांबणारच नाही.

लंकाबाईंना सांग, मशीन मलाच हवं आहे.

तुझ्या लाल शाईला भिणारी, पण तिच्यावाचून न करमणारी,
वैष्णवी


इंदिरानगर, नाशिक
१५ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल जमलं! माझं यंत्र अण्णांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लावलं, दादाचा पडदा बाहेर ऑफिसात. पहिल्याच झटक्याला दोघांना एकमेकांचं कळलं. यादीतल्या सगळ्या चाचण्या झाल्या. मग अण्णांनी कुणाला न विचारता माझ्या यंत्राची थंडी मोजणारी तार उपटली. म्हणाले, उंदीर हेच करतात, आणि ते यादी वाचत नाहीत. त्याच क्षणी दादाच्या पडद्यावर घंटा वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा मार्चच्या बैठकीत मसुदा पक्का होईल.

आम्ही दोघं मिसळ खायला गेलो आणि दोन महिन्यांचं बोलून घेतलं. शेखर सर म्हणाले, की पुढचं सगळं काम माझ्याकडेच देणार.

मला रात्रभर वाटत होतं, की काहीतरी विसरले. पण तसं मला नेहमीच वाटतं.

आशीर्वाद असावा, आणि लाडू उरले असतील तर तेही.
वैष्णवी


नामपूर,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. वैष्णवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र लंकाबाईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला जरा वाईटच वाटलं.

इथे मात्र माझी फजिती झाली. आजकाल मापं मोबाइलवर येतात. गावातल्या पूजाने लग्नाच्या ब्लाउजची मापं पाठवली, त्यात बाहीपुढे शून्य. मी समजले, हल्लीच्या मुली, बिनबाहीचा हवा असेल. शिवला. ती रडत आली. तिने बाही मोजलीच नव्हती, रिकामं दिसू नये म्हणून शून्य टाकलं होतं. कापड कापून झालेलं, आता काय करता! शेवटी पदराच्या टोकाच्या कापडातून बाह्या काढल्या.

तुम्ही दोघं माझ्या मापांच्या चिठ्ठ्या लिहायचात तेव्हा असं कधी झालं नाही. माप घेतलं नसेल तिथे आडवी रेघ. अंदाज नाही, शून्य नाही. आणि चिठ्ठीवर रेघ दिसली की वाचणाऱ्याने कात्री खाली ठेवून मला हाक मारायची. सहा-सात वर्षांची होतात, पण कधी चुकला नाहीत.

सांभाळून राहा, वेळेवर जेव.
चांगुणाआत्या


इंदिरानगर, नाशिक
२ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस. या वेळी मनाई कुणाची नाही, तुझी आहे. म्हणून लिहिते.

आत्याचं पत्र वाचल्यावर मी मसुदा चार वेळा तपासला. अण्णांनी तार उपटली तेव्हा माझ्या यंत्राने आकड्याच्या जागी आडवी रेघ पाठवली. तुझ्या पडद्याने रेघ बघून घंटा वाजवली. दादा, एकेचाळीस पानांत रेघ कुठेही नाही. सतराव्या पानावर फक्त दर पाच मिनिटांनी आकडा पाठवावा, एवढंच आहे. आकडा मिळालाच नाही तर काय, यावर एक शब्द नाही. ती जागा मी आणि तू आत्याच्या चिठ्ठ्यांनी भरली.

आपली परीक्षा कागदाची झालीच नाही. दोन परक्या माणसांना कागदावरून कळतं का, हे बघायचं होतं, आणि आपण एका घरचे निघालो. दुसरा कुणी तिथे शून्य पाठवेल. द्राक्षांना शून्य अंश म्हणजे अगदी नेमकी थंडी. आत माल सडत असेल आणि पडदा हिरवा राहील.

हे मी समितीला लिहिणार आहे. तुझ्या नावाशिवाय लिहिता येत नाही, म्हणून आधी तुला कळवलं.

राग धर, पण उत्तर दे.
वैष्णवी


पिंपळगाव बसवंत,
५ मार्च २०२५

चि. वैष्णवीस,
आशीर्वाद.

दोन वर्षांनी पाच कंपन्या एका टेबलावर बसल्या आहेत. आता चाचणी रद्द झाली, तर सगळ्यात मोठी कंपनी उठून जाईल आणि स्वतःचीच भाषा सगळ्यांच्या गळ्यात मारेल. मग तुझी रेघ कुठे काढशील? आमच्याकडे सहाशे पडदे तयार आहेत. जे चाललं ते चाललं. सुधारणा पुढच्या वर्षी करता येईल.

आणि तुझी नोकरी जाईल, ते वेगळंच. लहानपणी मी पाटीत डोकावलो तर तू आत्याकडे तक्रार करायचीस. अजून तेच करते आहेस.

समितीला पत्र पाठवू नकोस.
हर्षल


इंदिरानगर, नाशिक
२० मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दादाने तुला काय लिहिलं माहीत नाही. माझ्याकडून ऐक.

बैठकीच्या आधी शेखर सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, की हे तुमच्या घरातलं आहे, घरातच ठेव. मी म्हटलं, घरातलं आहे म्हणूनच बाहेर काढते आहे.

समितीत कुणी मानेना. चालणाऱ्या यंत्रात दोष काढणारी मी पहिलीच, असं एक जण म्हणाला. मग मी विचारलं, की पाचव्या कंपनीतल्या साक्षी नावाच्या मुलीने हेच कागद वाचून यंत्र केलं आहे, कंपनी लहान म्हणून तिला चाचणीला कुणी बोलावलं नाही, तर ते एकदा जोडायला हरकत काय? अण्णा उठले आणि म्हणाले, जोडा.

यंत्र खोलीत लावलं, अण्णांनी तार उपटली. दादाचा पडदा हिरवाच. शून्य अंश, उत्तम. अण्णा उपटलेली तार हातात धरून पडद्यासमोर उभे राहिले, एक मिनिट, पाच मिनिटं, दहा मिनिटं. साक्षीचा चेहरा उतरला, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक तिची नाही. कागदाने आकडा मागितला, तिने आकडा दिला. कागदाबाहेर गेलो ते आम्ही दोघं.

दादा मागे बसला होता. तो पुढे आला, सतरावं पान मागितलं, तिथेच उभ्याने वाचलं, आणि माझ्या हरकतीखाली सही करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा एका ओळीचा मेसेज आला, की सहाशे पडद्यांना त्याने काही केलं नाही, रेघ त्यांना आधीच कळते. मोठी कंपनी उठून गेली नाही. अण्णांची तार बघितल्यावर कुणाचीच उठायची हिंमत नव्हती.

माझं काम काढून घेतलं आहे. शेखर सर राजीनामा दे म्हणतात. मी देणार नाही. मी म्हटलं, काढायचं असेल तर कारण लेखी द्या, आणि कारणात सतरावं पान लिहा. पाच दिवस झाले, अजून कागद आलेला नाही. मी रोज वेळेवर जाते आणि रिकाम्या टेबलावर बसते.

एप्रिलमध्ये नवी चाचणी आहे, अनोळखी माणसांची. आम्हा दोघांना त्यातून वगळा, असं मीच लिहून दिलं. सतराव्या पानावर आता तीन ओळी वाढवायच्या आहेत, त्या मी लिहिल्या. पान सोबत जोडलं आहे. पण आत्या, लाल शाई उघडू नकोस. तू वाचू नकोस, समजावूनही सांगू नकोस. तू घरचीच आहेस, तुला न लिहिलेलंही कळेल. ते पान लंकाबाईंना दे आणि आकडा मिळाला नाही तर काय करायचं, एवढंच विचार. त्यांना आमच्याबद्दल नेहमी उलटच कळतं. त्यांना बरोबर कळलं, तरच मी ते पुढे पाठवणार.

त्या जे म्हणतील ते जसंच्या तसं कळव, मनाने काही भरू नकोस.

तुझीच, अजून नोकरीवर असलेली,
वैष्णवी